बीएस्सी अ‍ॅग्रीनंतर मार्केटिंग मॅनेजर व्हायचं आहे, एमबीए आधी करू का नोकरी?

दारव्ह्याचा पोट्टा:
नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला, बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहो. घरी कोरडवाहू वावर, पराटी अन् तूर. वर्गातले बरेच जण एमपीएससीच्या मागे लागले पण मले त्यात गोडी नाई, मले बियाण्याच्या कंपनीत मार्केटिंग मॅनेजर व्हायचं आहे. बाबा म्हणतात मार्केटिंग म्हणजे गाडीवर फिरून कृषी केंद्रवाल्यांच्या हातापाया पडणं, त्यासाठी शिकवलं काय तुले. एक खाजगी कॉलेजवाले एमबीएची अशी फी सांगून राहिले की घरी विषय काढायची हिंमत होत नाई. कोणी या लाईनमधे असेल तर खरं खरं सांगा.

कपाशीवाला:
भाऊ मी बियाण्याच्या लाईनमधेच आहो, फिल्डवरून टेरिटरी मॅनेजर झालो. सुरुवात गाडीवरूनच होते हे बाबांचं खरं आहे, पण तिथंच थांबत नाई. सेल्सवाला माल पोचवते अन् वसुली करते, मार्केटिंगवाल्याले ठरवा लागते की कोणतं वाण भारी जमिनीत चालवायचं, कोणतं हलक्या मुरमाड जमिनीत, अन् कास्तकाराले ते कसं दाखवायचं. आता बीटी कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट घे, त्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, २०१५ च्या आदेशापासून. म्हणजे मार्केटिंगच्या पुस्तकातल्या चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) पैकी किमतीचा पी तुह्या हातात फारसा नाईच, सगळा खेळ वाण, डीलर अन् प्रचारावर. म्हणून डेमो प्लॉट, म्हणजे वाण दाखवायले वावरात लावलेला तुकडा, महत्त्वाचा. येत्या वेचणीत एखाद्या प्लॉटवर जा अन् मालकाच्या आधी वेचणाऱ्या बायांना विचार. त्यांची मजुरी किलोवर असते, बोंड नीट फुटलं नाई, कापूस ओढून काढा लागला की त्या लगेच सांगतात, अन् पुढच्या वर्षी मालक तेच ऐकून बियाणं घेते. हे ऑफिसात बसून कोणाले समजत नाई, तू तर त्यातच वाढला. दुसरं म्हणजे प्लेसमेंट अन् लिक्विडेशनमधला फरक समजून घे, डीलरच्या गोडाउनात माल गेला ते प्लेसमेंट, कास्तकाराले विकला गेला ते लिक्विडेशन; गोडाउनात गेला म्हणजे विकला गेला असं नाई, सीझन संपल्यावर तोच सेल्स रिटर्न होऊन परत येते. माझं मत, आधी दोन सीझन नोकरी कर.

वरूडची ताई:
दादांचं फिल्डबद्दलचं पटतं, पण एक सांगते, प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेला बऱ्याच कंपन्या एमबीए मागतातच, त्यामुळे नोकरी करत करत ते टाळत राहू नको. मी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन एमबीए केलं. प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) घे, म्हणजे निकषात बसत असशील तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून फीची सवलत मिळते, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर नाही मिळत, आणि ही गोष्ट खाजगी कॉलेजवाले स्वतःहून सांगत नाहीत. कॉलेज बघताना मुलं कोणत्या पदावर लागली ते विचार, नुसत्या कंपन्यांच्या लोगोवर जाऊ नको. अभ्यासाची तयारी असेल तर आयआयएमच्या प्रवेशाची कॅट परीक्षापण दे, आयआयएम आता नागपुरातच आहे, २०१५ पासून. तोवर स्वयम् पोर्टलवर मार्केटिंगचे कोर्स फुकट शिकता येतात, आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल आत्ताच शिकून घे, तालुकानिहाय विक्री मांडायला रोज लागतं. इंग्रजी बोलायची भीती वाटत असेल तर रोज थोडं मोठ्यानं वाच.

कृषी केंद्र, पुसद रोड:
मी दुकानदार हाव. कंपनीचे पोट्टे येतात, टारगेट सांगतात अन् जातात. जो फवारणीच्या वेळी फोन उचलते, तक्रार आली तर कास्तकाराच्या वावरात येऊन उभा राहते, त्याचाच माल मी पुढं ठेवतो. बाकी तुमच्या डिग्र्या मले समजत नाई.

दारव्ह्याचा पोट्टा:
लय धन्यवाद सगळ्यायले. ताई, शेवटच्या वर्षाला असताना सीईटीले बसता येते काय?

वरूडची ताई:
हो येतं. फॉर्म सीईटी सेलच्या साइटवर निघतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासूनच काढून ठेव, ऐन वेळेला तहसीलमधे फार गर्दी असते.