जुने दागिने मोडून नवे केलेत? तुमचे अनुभव लिहा

आईने मागच्या महिन्यात आजीच्या पाटल्या माझ्या हातात ठेवल्या. चार तोळ्यांचा जोड. माझ्या हातात त्या चढत नाहीत. पुन्हा वीस वर्षं लॉकरमध्ये टाकायच्या नाहीत, एवढं नक्की. मोडून दोन नाजूक बांगड्या आणि लेकीला चेन करावी का? ज्यांनी जुने डाग मोडले, बदलले, वाढवले, त्यांनी सविस्तर लिहा. फसलात तर तेही लिहा.

— — —

सासूबाईंची बोरमाळ मोडायला नेली होती. काट्यावर २१ ग्रॅम भरली. दोन तोळ्यांत काय काय होईल याचे बेत आमचे घरीच ठरले होते. सराफांनी एक मणी आमच्यासमोर कापला. आत काळपट लाख, आणि वरचा सोन्याचा पत्रा इतका पातळ की नखाने दबला. म्हणाले, "ताई, यात आठ-नऊ ग्रॅमच्या वर सोनं निघणार नाही. मोडू नका, गाठवून घ्या." मग पटवेकऱ्यांकडून नव्या रेशमात गाठवून घेतली. थोडी आखूड केली, उरलेल्या मण्यांची कानातली झाली. ती मी रोज घालते. कोल्हापुरी साजाच्या पानांतही लाख असते, तेव्हा वजनावर हिशेब करू नका.

— — —

आईचं लग्न १९६४ चं. तिच्या बांगड्या मशीनवर तपासल्या तर सोनं ५८ टक्के. माझं तोंडच उतरलं. आजोबांना सोनाराने फसवलं असंच वाटलं. दुकानातल्या वयस्कर कारागिराने आधी लग्नाचं साल विचारलं. १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. किती सोनारांचा धंदा त्यात बसला! १४ भागिले २४, म्हणजे साधारण ५८ टक्के. आजोबाही खरे, त्यांचा सोनारही खरा. साठ वर्षांत एकही बांगडी वाकलेली नाही, हे सोनं कडक असतं. मोडल्या नाहीत, नुसती झिलई करून आणल्या.

— — —

मोडायचंच असेल तर समोर बसून वितळवून घ्या. आधी खडे-मोती काढून वजन, मग लगडीचं वजन, मग टक्के. जुन्या दागिन्यात डाख, म्हणजे जोड सांधायचा धातू, आणि मळ असतो, त्यामुळे थोडी घट येणारच. पण पहिल्या वेळी एका दुकानाने काहीही न तपासता सरळ १० टक्के तूट धरली आणि मी गप्प बसले. अजून राग येतो. दुसऱ्या वेळी आपलंच सोनं देऊन घडवून घेतलं, तेव्हा जीएसटी फक्त घडणावळीवर ५ टक्के लागला. बदलून घेतलं होतं तेव्हा नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के भरला होता. नव्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, आहे ना, ते भिंगातून बघा.

— — —

मी आईची नथ देऊन पेंडंट करून घेतलं. मोती पिवळसर दिसत होते म्हणून नवे बसवायला सांगितले. जुने मागून घेतले नाहीत. नंतर मामी म्हणाली, ते बसऱ्याचे, म्हणजे अस्सल मौल्यवान मोती होते, पणजीच्या नथीतले. पेंडंट छान आहे. घालवत नाही.

— — —

पाटल्या चढत नाहीत म्हणून मोडायच्या कशाला? भरीव असतील तर कापून पेच बसवून मिळतो, मग उघडून घालता येतात. माझ्या बसवल्यात, घडणही तशीच राहिली.

— — —

बाबा गेल्यावर आईने मंगळसूत्राच्या दोन वाट्या आम्हा बहिणींना एकेक दिली. दोघींनी बारीक साखळीत ओवून घेतल्या. कारागीर उजळायला घेणार, इतक्यात ताईने हात धरला. वाटीच्या आत कुंकू घट्ट बसलं होतं, चाळीस वर्षांचं. बाहेरून चकचकीत करा म्हणाली, आत हात लावू नका. आत ते अजून तसंच आहे.

— — —

धागा काढला ते बरं झालं. पेचाचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी आईला घेऊनच जाते, पाटल्या भरीव आहेत की लाखेच्या ते तिच्यासमोरच बघू.