वेळ नाही म्हणूनच वर्षाची चटणी घरची

घरखर्चातल्या बचतीच्या चर्चेत एका ताईंनी लिहिलंय की नवरा-बायको दोघंही नोकरीला असल्यावर बचतीसाठी वेळ कुठून आणायचा. ताई, आमच्याकडंही तीच धावपळ आहे. म्हणून रोज थोडं थोडं करण्यापेक्षा वर्षातून एकदाच होणाऱ्या कामांवर मी भर देते.

त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कांदा-लसूण चटणी. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातनं मिरची आणायची, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. कडक उन्हात वाळवून डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायची. जाऊबाई आणि मी मिळून करतो, दोन दिवस जातात, पण वर्षभर मसाल्याची पाकिटं आणावी लागत नाहीत. शिवाय चटणी तयार असली की आमटी वीस मिनिटांत होते, मग दमून आल्यावरही बाहेरनं जेवण मागवावंसं वाटत नाही. खरे पैसे तिथंच वाचतात, असं माझं ठाम मत आहे. बरणी मात्र कोरडी हवी, ओला चमचा अजिबात नको.

कडधान्य रात्री भिजत घातलं की गॅसही कमी लागतो.

विजेचं म्हणाल तर गीझरकडं बघा. २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. आणि महिन्याला १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना दर जास्त लागतो. आम्ही सगळे पाठोपाठ अंघोळ उरकतो, म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही.

ताई, यंदा चटणी करणार असाल तर सांगा, प्रमाण लिहून देते.