गोटाबाया राजपक्षे : मतपेटीने दिलेली खुर्ची रस्त्याने काढून घ्यावी का?

मूळ धागा

गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये ६९ लाखांहून अधिक, म्हणजे ५२.२५ टक्के मते घेऊन श्रीलंकेचे अध्यक्ष झाले आणि आर्थिक संकटाने चिडलेल्या आंदोलकांनी ९ जुलै २०२२ ला त्यांच्या सरकारी वाड्याचा ताबा घेतल्यावर १३ जुलैच्या पहाटे वायुदलाच्या विमानाने मालदीवला निघून गेले. राजीनामा आला तो दुसऱ्या दिवशी, सिंगापूरहून, ईमेलने. या घटनेला आपल्याकडे सरसकट लोकशाहीचा विजय म्हटले जाते, ते मला पटत नाही.

हा माणूस कोण आहे हे मतदारांना ठाऊक होते. २००५ ते २०१५ या काळात ते संरक्षण सचिव होते, २००९ मध्ये तमिळ वाघांचा, म्हणजे लिट्टे या सशस्त्र फुटीर संघटनेचा पाडाव त्यांच्याच कारकिर्दीत झाला आणि २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर लोकांना नेमका असाच कडक हाताचा नेता हवा होता. मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरी रिकामी करणारी ती कुप्रसिद्ध करकपातसुद्धा प्रचारातच जाहीर झाली होती. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आणि पर्यटन थांबून डॉलर आटल्यावर अध्यक्षांच्या तरणतलावात उड्या मारायच्या, याला मी लोकशाही म्हणणार नाही. कौल पाच वर्षांचा होता. तो गर्दीने मोडायचा पायंडा एकदा पडला की उद्या तो चांगल्या माणसाविरुद्धही वापरला जाईल.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांनी करकपातीचा दाखला दिला, पण खतबंदीला सोयीस्कर बगल दिली. जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे जाण्यासाठी दहा वर्षांची मुदत लिहिलेली होती. प्रत्यक्षात २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. भाताचे पीक घटले, चहाला फटका बसला आणि नोव्हेंबरात वरातीमागून घोडे निघावे तशी बंदी उठवण्यात आली. या निर्णयाला ६९ लाखांपैकी एकानेही मत दिलेले नव्हते.

दुसरे म्हणजे, सनदशीर मार्ग कोणीच चोखाळला नाही असे नाही. १७ मे २०२२ रोजी अध्यक्षांविषयीच्या नाराजीच्या ठरावावर तातडीने चर्चा तरी घ्यावी, अशी मागणी संसदेत झाली आणि ती ११९ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्याआधी १२ एप्रिललाच देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती. पहाटेपासून रांगेत ठेवलेले रिकामे गॅस सिलिंडर चोरीला जाऊ नयेत म्हणून लोक ते साखळीने एकमेकांना बांधून ठेवत होते. अशा माणसांना २०२४ पर्यंत थांबा असे सांगायचे कोणत्या तोंडाने? आणि तरणतलावाचे म्हणाल, तर त्याच वाड्यात सापडलेले सुमारे पावणेदोन कोटी रुपये आंदोलकांनी मोजून पोलिसांच्या स्वाधीन केले, हेही लिहायला हवे होते.

प्रतिसाद २

पैसे मोजून दिले हे खरे, पण वाडा ताब्यात घेतला त्याच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांचे खाजगी घर जाळले गेले, आणि ९ मे रोजी नित्तंबुवा येथे सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराचा जमावाच्या गराड्यात मृत्यू झाला. त्या ९ मेला आंदोलकांवर पहिला हल्ला गोटाबायांचे भाऊ आणि तेव्हाचे पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांच्या समर्थकांनी केला होता, हे मान्य. तरी आंदोलनाच्या खात्यावर नुसती जमाच मांडायची आणि खर्च लपवायचा, हे बरोबर नाही.

प्रतिसाद ३

दोन्ही बाजू ‘जनता’ हा शब्द फार सैल वापरत आहेत. तो ५२ टक्के कौल प्रामुख्याने सिंहली दक्षिणेचा होता. उत्तरेतील तमिळबहुल जाफना आणि वन्नीने तेव्हाही प्रचंड बहुमताने गोटाबायांचे प्रतिस्पर्धी साजिथ प्रेमदासा यांना मते दिली होती. गोटाबायांना जाब विचारणे उत्तरेत २०२२ साली सुरू झाले नाही. बेपत्ता मुलांचे फोटो मांडीवर घेऊन तमिळ आया २०१७ पासून किलिनोच्ची आणि वव्हुनियात रस्त्याकडेला बसल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी कोलंबोतील मध्यमवर्ग कधी घराबाहेर पडला नव्हता. पेट्रोल संपल्यावर मात्र पडला.

तरी एक प्रसंग मी विसरत नाही. १८ मे २०२२ रोजी कोलंबोच्या गॉल फेस किनाऱ्यावरच्या आंदोलकांच्या तळावर, ‘गोटा गो गामा’त, २००९ मध्ये युद्ध जिथे संपले त्या मुळ्ळिवाय्क्कालच्या मृत तमिळांसाठी दिवे लावले गेले आणि पेज वाटली गेली. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत अडकलेले लोक ज्या पातळ पेजेवर जगले, तीच ही पेज. ज्या राजधानीत हा दिवस सरकारी विजयोत्सव म्हणून साजरा होत आला, तिथे हे होऊ शकले. मतपेटीने हे कधी घडवून आणले नव्हते.

धागाकर्ता

खतबंदीचा मुद्दा मान्य. माझे मूळ लेखन तिथे अपुरे होते. पेजेविषयी वाचूनही होतो, तरी त्याचा अर्थ असा कधी लावला नव्हता. पण रस्त्याने शेवटी मिळवले काय? २० जुलैला त्याच संसदेने १३४ मतांनी विक्रमसिंघे यांना निवडले, ज्यांच्या पक्षाचा तिथे एकच सदस्य होता आणि तोही ते स्वतः. २२ जुलैला अंधार असतानाच लष्कराने तळावर धाड घातली. खरा बदल झाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, जेव्हा पाच वर्षांपूर्वी जेमतेम तीन टक्के मते मिळालेले अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले आणि महिंदांचे पुत्र नमल राजपक्षे यांना अडीच टक्क्यांच्या आसपास मते पडली. हे मतपेटीनेच केले ना?

प्रतिसाद १ चे लेखक

केले, कारण ती मतपेटी वेळेवर उघडली. मार्च २०२३ मध्ये ठरलेल्या स्थानिक निवडणुका याच विक्रमसिंघे सरकारच्या काळात पैसे नाहीत या सबबीवर लांबणीवर पडल्या. त्या निवडणुका अखेर झाल्या मे २०२५ मध्ये, सरकार बदलल्यानंतर.