किल्ल्या एकाच खिशात असताना विश्वास कसा बसणार?

गोदाकाठ (नांदेड): आपल्या मराठी कळफलकाच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात दोघांचे कमिटचे (मूळ कोडमध्ये थेट बदल नोंदवण्याचे) अधिकार रात्रीतून काढले गेले आणि आता 'झाले गेले विसरा, कामाला लागा' असे आवाहन काल येथे वाचले, म्हणून हे सविस्तर उत्तर. पायथॉन या संगणकभाषेतील बदलाच्या 'पीईपी ५७२' या प्रस्तावावरील वादानंतर जुलै २०१८ मध्ये तिचे जनक गिडो व्हान रॉसम नेतृत्वावरून पायउतार झाले, तेव्हा पायथॉनच्या मंडळींनी विसरण्यावर भिस्त ठेवली नाही. कारभाराचे पर्याय लेखी मांडून मतदान घेतले आणि २०१९ च्या आरंभी ५ जणांचे सुकाणू मंडळ निवडले, ज्यात एकाच कंपनीचे २ पेक्षा अधिक सदस्य चालत नाहीत. आपले डोमेन, सर्व्हर आणि नव्या आवृत्त्या प्रकाशित करण्याची डिजिटल किल्ली मात्र आजही एकाच व्यक्तीकडे आहे.

बालाघाट (बीड): त्या व्यक्तीने सर्व्हरचे बिल वर्षानुवर्षे पदरमोड करून भरले, हे आपण सोयीस्करपणे गाळले. आपण बोटांवर मोजण्याइतके लोक. मंडळ कोणाचे करणार? नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून २०१४ च्या अखेरीस आयओ.जेएस हा वेगळा प्रकल्प फुटला आणि २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले, कारण माणसे काम करीत राहिली.

मांजरा (लातूर): मूळ दुखणे वेगळेच आहे. 'पऱ्हाटी' टाइप करताना 'ऱ्ह'च्या जागी 'र्ह' उमटत असे. त्याची दुरुस्ती मी चाचणीसह पाठवली, आणि ती 'पुण्याच्या बैठकीत ठरले' एवढ्याच शेऱ्यावर बंद झाली. उदगीरहून त्या बैठकीला जायचे म्हणजे एक रात्र प्रवासात जाते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते.

बालाघाट (बीड): प्रत्येक वादात पुण्याच्या नावाने खडे फोडणे आता पुरे झाले! बैठकीचे निमंत्रण सर्वांना होते.

मांजरा (लातूर): निमंत्रणाने तिकीट निघत नाही. इतिवृत्त कुठे आहे, एवढे सांगा.

गोदाकाठ (नांदेड): डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाची घटना १९९८ पासून आहे, जगभरचे विकासक ईमेलने मतदान करतात, त्यासाठी कोणी गाडी पकडत नाही. नोडचे म्हणाल, तर एकीकरण फाउंडेशन आणि खुली तांत्रिक समिती उभी राहिल्यावर झाले. नुसत्या कामाने नव्हे.

बालाघाट (बीड): समितीचा मुद्दा नाइलाजाने मान्य. किल्ली आणखी दोघांकडे जाण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्यांचे अधिकार गेले, त्यांनी चर्चेत वापरलेल्या भाषेचीही लेखी नोंद झाल्याशिवाय त्यांच्या परतीला मी मत देणार नाही.

मांजरा (लातूर): नोंद अवश्य करा, तिच्याच वर माझी दुरुस्ती का नाकारली, तेही लिहा.