कोम्ला डुमोर: अक्रापासून लंडनपर्यंत
बीबीसीने संधी दिली म्हणून घानाचा पत्रकार कोम्ला डुमोर घडला, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. लंडनला जाण्याआधीच तो घानात घराघरांत पोचलेला होता. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून घाना विद्यापीठात समाजशास्त्र आणि मानसशास्त्र शिकला, मग राजधानी अक्रातल्या जॉय एफएम या रेडिओ केंद्रावर वाहतुकीच्या बातम्या देऊ लागला. त्याच केंद्रावर पुढे सकाळचा मुख्य कार्यक्रम त्याच्याकडे आला. सत्ताधाऱ्यांना थेट प्रश्न विचारायची सवय तिथलीच. 2003 साली तो घानाचा सर्वोत्तम पत्रकार ठरला. बीबीसीत गेला 2007 मध्ये.

तिथे त्याने काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. 'आफ्रिका बिझनेस रिपोर्ट' या कार्यक्रमात त्याने दुष्काळ आणि युद्धाच्या पलीकडची, उद्योग उभारणारी आफ्रिका दाखवली. तीही भाबडं कौतुक न करता! डिसेंबर 2013 मध्ये मंडेलांच्या अंत्यसंस्काराचं वार्तांकन केलं आणि जेमतेम महिन्याभराने, 18 जानेवारी 2014 ला, तो गेला. वय फक्त 41. अजूनही हळहळ वाटते.

पुढे त्याच्या नावाने आफ्रिकेतल्या पत्रकारांसाठी पुरस्कार सुरू झाला. पहिली मानकरी युगांडाची नॅन्सी कचुंगिरा. तिचंही काम जरूर बघा.