रीप्ले अटॅक मारला तरी डिटेक्टर गप्पच, चूक कुठेय?

टाकीवाला
मंडळी, दोन टाक्यांच्या लेव्हल कंट्रोलचं सिम्युलेशन केलंय. काल्मन फिल्टर (सेन्सरच्या आकड्यांवरून टाकीच्या स्थितीचा अंदाज बांधणारा), एलक्यूजी कंट्रोलर (लेव्हलची चूक आणि पंपाची मेहनत मिळून होणारी कॉस्ट कमीत कमी ठेवणारा) आणि वर काय-स्क्वेअर डिटेक्टर (अंदाज आणि आकडा यातला फरक फार वाढला की अलार्म देणारा), थ्रेशोल्ड असा की खोटे अलार्म 5 टक्के यावेत. अटॅक म्हणून सेन्सरचं आधीचं 200 स्टेपचं रेकॉर्डिंग परत वाजवतो आणि त्याच वेळी पंपाला भलती कमांड देतो. खरी टाकी ओसंडून वाहतेय आणि डिटेक्टर ढिम्म! म्हणजे सुरुवातीला दोन-तीनदा बोंबलला, मग परत तेच 5 टक्के. दोन दिवस कोड चाळतोय, नॉइजचा कोव्हेरियन्सपण (म्हणजे नॉइज किती धरलाय ते) तपासला. बग कुठे असेल?

शेषफल
बग नाहीये रे, बरोबर चाललंय, तेच तर दुखणं आहे. डिटेक्टरला खरी टाकी दिसतच नाही, त्याला दिसतो फक्त सेन्सरचा आकडा आणि फिल्टरचा अंदाज यातला फरक, आणि तू वाजवतोयस ते रेकॉर्डिंग खऱ्या प्लांटचंच असल्यामुळे नॉइजसकट सगळं अस्सल असतं. सुरुवातीला फिल्टरची स्थिती आणि रेकॉर्डिंगची स्थिती जुळत नाही म्हणून तो बोंबलतो, मग फिल्टर हळूहळू रेकॉर्डिंगच्या मागे ओढला जातो आणि फरक विरून जातो. फिल्टर आणि कंट्रोलर मिळून जी मॅट्रिक्स बनते ती स्टेबल असेल तर हे होणारच. अनस्टेबल असती तर फरक फुगत गेला असता आणि चोर आपोआप पकडला गेला असता, पण म्हणून मुद्दाम वाईट गेन लावणार का?

उपाय मो आणि सिनोपोली यांनी 2009 मध्ये मांडलाय. कंट्रोल कमांडमध्ये दर स्टेपला थोडा रँडम गाउसियन नॉइज स्वतःच मिसळायचा, यालाच वॉटरमार्क म्हणतात. आत्ता कुठला नॉइज टाकला ते फिल्टरला माहीत असतं, पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जुन्या नॉइजचा परिणाम असतो, त्यामुळे फरक वाढलेलाच राहतो. फुकट नाही मिळत, एलक्यूजीची कॉस्ट वाढते. आणि एका स्टेपवर निकाल देऊ नकोस, विंडो घे, म्हणजे लागोपाठच्या काही स्टेप एकत्र बघ.

पॅनलमागचा
पेपरात ठीक आहे, पण व्हॉल्व्हला दर सेकंदाला अशा गुदगुल्या केल्या तर पॅकिंग झिजतं आणि ऑपरेटर शिव्या घालतो तो वेगळाच. पंपाच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) नॉइज टाका हवा तर. बाकी रीप्ले ही नुसती थिअरी नाही हां, 2010 मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या औद्योगिक यंत्रणांवरच्या मालवेअरच्या एका भागात सेन्सरची 21 सेकंदांची रीडिंग रेकॉर्ड करून तीच फिरवत ठेवायची सोय होती, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. माझं म्हणणं, आधी टाकीत एक फ्लोट स्विच टाका जो वायरने सरळ पंपाच्या काँटॅक्टरला (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला) जातो, मध्ये नेटवर्क नाही, पीएलसी (प्लांट चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) नाही, काही नाही. सेफ्टी कंट्रोलर (धोका दिसला की प्लांट बंद करणारा) वेगळा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, 2017 ला ट्रायटन नावाच्या मालवेअरने सौदीतल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये नेमका तोच गाठला होता.

टाकीवाला
ओह, म्हणजे मी दोन दिवस बरोबर कोडमध्ये चूक शोधत होतो 🤦 नॉइज टाकून बघितला, 10 स्टेपच्या विंडोवर आता अलार्म टिकून राहतोय. पण चोर कमांडपण ऐकत असेल तर?

शेषफल
मग अवघड आहे. त्याला कमांड ऐकू येतेय आणि तुझं मॉडेलही माहीत आहे, तर स्वतःच्या घुसखोरीचा परिणाम सेन्सरच्या आकड्यातून बरोब्बर वजा करून पाठवेल, त्याला कोव्हर्ट अटॅक म्हणतात, आणि तिथे वॉटरमार्क कुचकामी. नॉइज बनवणारा कोड त्याच्या हाती लागलेल्या पीएलसीत असेल तरी तीच गत.

एक_शंका
मग सेन्सर वाढवून नाही का भागणार? खोटे सेन्सर असतानाही स्टेट (टाकीची खरी स्थिती) शोधता येते असं वाचलंय.

शेषफल
येते, पण खोटे सेन्सर निम्म्यापेक्षा कमी असले तरच, आणि खोट्यांच्या दुप्पट कोणतेही सेन्सर काढले तरी उरलेल्यांवरून सिस्टिम ऑब्झर्व्हेबल राहिली पाहिजे, म्हणजे पूर्ण स्थिती काढता आली पाहिजे, ही अट वर. याच्याकडे दोनच सेन्सर, एक गेला की निम्मे गेले. आणि रीप्लेमध्ये तर त्याने सगळेच ताब्यात घेतलेत.

पॅनलमागचा
म्हणून म्हणतोय, फ्लोट स्विच.