मदत हवी आहे: रोटॅक्स ५०३ वर जेट-स्कीचे कार्बोरेटर, मधल्या थ्रॉटलला ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) चढतो
एका सीटच्या अल्ट्रालाइटवर (हलक्या विमानावर) दोन कार्बोरेटरचं रोटॅक्स ५०३ हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. मूळचे बिंग ५४ काढून जेट-स्कीवरचे ३८ मिमी मिकुनी सुपर बीएन बसवलेत. फ्लोट बाउलची (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीची) कटकट नको होती; इंजिन थरथरलं की बाउलमध्ये पेट्रोल फेसाळतं. शिवाय बीएनला पंप अंगचाच. अजून उडवलेलं नाही, शेपूट बांधून चाचण्या चालू आहेत.

आयडल छान. फुल थ्रॉटलला हाय स्पीड स्क्रूने ईजीटी ६०० अंश सेल्सिअसच्या आत बसला. घोळ मधेच आहे. साधारण ४५०० ते ५२०० आरपीएमला काटा ६५० अंशांकडे, म्हणजे कंपनीच्या कमाल मर्यादेकडे सरकतो आणि थ्रॉटल पुढे ढकलला की उतरतो!

बिंगमध्ये या पट्ट्यातलं पेट्रोल निमुळती सुई मोजते, क्लिप एक खाच सरकवली की भागतं. बीएनमध्ये स्लाइडऐवजी बटरफ्लाय, त्यामुळे ती सुईच नाही. लो स्पीड स्क्रू उघडला तर मधलं सुधारतं, पण आयडलला धूर आणि अडखळणं. पॉप-ऑफ प्रेशर (पेट्रोल आत सोडणारी नीडल ज्या दाबाला उघडते तो) उतरवावं का? आणि ते हलक्या स्प्रिंगने की मोठ्या सीटने (नीडल बसते त्या भोकाने)? टाकी कार्बोरेटरच्या वर आहे, म्हणून गळतीची धास्ती वाटते. पेट्रोल-ऑइल मिश्रण ५०:१.

प्रतिसाद:
आधी पॉप-ऑफ, मग स्क्रू. नीडल उशिरा उघडली की लो सर्किटकडून (आयडलच्या मार्गाकडून) मेन जेटकडे (मोठ्या थ्रॉटलच्या मार्गाकडे) जाताना मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तुमची लक्षणं तीच दिसतात. सीट आहे तीच ठेवा, स्प्रिंग एक पायरी हलकी लावा आणि लो स्पीड स्क्रू नव्याने बसवा. टाकीचं म्हणाल तर १ मीटर उंचीवरचं पेट्रोल जेमतेम १ पीएसआय दाब देतं. पॉप-ऑफ त्याच्या कितीतरी पट असतं. गळते ती झिजलेली किंवा कचरा अडकलेली नीडल. पॉप-ऑफ टेस्टरने थोडा दाब भरून थांबा, काटा हलता कामा नये. इंजिन बंद केल्यावर कॉक मात्र बंदच करा.

डायफ्रॅमच्या (नीडल उघडणाऱ्या लवचिक पडद्याच्या) झाकणावरचं हवेचं भोक कुठे तोंड करून आहे तेही बघा. प्रॉपचा झोत थेट त्यावर आला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, तिथे ओढ बसली तर लीन. जेट-स्कीवर ते बंद हुडखाली असतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आणि बांधलेल्या विमानावर उताराची परिस्थिती कळत नाही. खाली येताना हवाच प्रॉपला फिरवते, भार सुटतो आणि अर्ध्या थ्रॉटलला ईजीटी आणखी उसळतो. ५०३ बऱ्याचदा तिथेच सीझ होतं (पिस्टन अडकतो). म्हणून बांधलेलं असताना मधला पट्टा थोडा रिचच ठेवा.

सध्याची स्प्रिंग किती ग्रॅमची आहे?